मातीने काढलेलं चित्र त्या जागेचं कसं व्हावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहत्या परिसरातली टेकडी, ओढा, माळ यांची चित्रं तिथल्याच मातीने आणि पानाफुलांच्या रसाने काढायची, असं एकांनी ठरवलं आणि बऱ्यापैकी कामही केलं. पण माती वाळली की बोटाला लागते, काही ठिकाणी पोपडे निघतात. फुलांचे रंग महिन्याभरात फिके पडतात. आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनी शेवटी जाता जाता लिहिली आहे: हे तिथल्याच मातीने काढलंय असं सांगितल्याशिवाय बघणाऱ्याला काहीच वेगळं जाणवत नाही. त्यांना हवंय ते एवढंच, की वर कोणतं वॉर्निश मारावं.

वॉर्निशने यातलं काहीही सुटणार नाही. पहिल्या दोन तक्रारी साहित्याच्या आहेत आणि त्यांवर ठोस उपाय आहेत, ते खाली सविस्तर देतो. पण खरा प्रश्न तिसरा आहे, आणि माझ्या अनुभवात पहिल्या दोन्हींचं मूळ बऱ्याचदा त्याच्यातच असतं. चित्र कसं दिसावं हे आधीच डोक्यात पक्कं असतं. हिरवा डोंगर, निळं आकाश, मध्ये चकाकणारं पाणी. मग ट्यूबमधल्या रंगाच्या जागी माती आणि पाकळ्या बदली कामगार म्हणून उभ्या केल्या जातात. हिरवं हवं म्हणून पान चोळायचं, निळं हवं म्हणून फूल कुस्करायचं, गडद हवं म्हणून मातीचा जाड थर द्यायचा. पान तपकिरी पडतं, फूल विरतं, जाड थर फुटतो. साहित्याला जे जमत नाही तेच आपण त्याच्याकडून मागत असतो.

आधी मातीचं बघू. झडणं आणि पोपडे निघणं हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचे उपाय जवळजवळ उलटे आहेत, म्हणून नेमकं काय होतंय ते आधी तपासा. वाळलेल्या भागावरून कोरडं बोट हलकेच फिरवा. बोटाला एकसारखी पूड लागली तर बंध, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा डिंकासारखा चिकट पदार्थ, कमी पडलाय. पूड लागत नाही, पण रंगाचे कडक पापुद्रे कडेने वर वळून सुटतायत, तर बंध जास्त झालाय किंवा थर जाड आहे. आणि आटलेल्या तळ्याच्या बुडाला पडतात तशा भेगांचं जाळं दिसत असेल, तर माती फुगणारी आहे. काही चिकणमात्या पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. काळ्या भारी मातीत हा गुण फार असतो. तिथे डिंक वाढवला तर भेगा आणखी रुंद होतात. अशा मातीत तिच्या निम्म्याने खडूची किंवा कोळशाची बारीक पूड मिसळा, म्हणजे आकसणं कमी होतं, आणि थर इतका पातळ द्या की खालचा कागद जाणवत राहील. गडदपणा एका जाड थराने आणायचा नाही. तीन-चार पातळ थर, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन.

पोपड्यांचं दुसरं मोठं कारण म्हणजे माती नीट गाळलेली नसणं. नुसती चाळून भागत नाही. ढेकळं आधी पूर्ण वाळवा. कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की स्वतःच विरघळत जातं. ओलं ढेकूळ मात्र तसंच गोळा होऊन बसतं. भरपूर पाण्यात ढवळा, काड्या-मुळं वर तरंगतील ती काढून टाका. पुन्हा ढवळा, पंधरा-वीस सेकंद थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला राहिली ती वाळू आणि खडे. ती फेकू नका, पुढे लागेल. ओतलेलं पाणी झाकून ठेवा. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात, त्यांना वीतभर खाली बसायला रात्रभराचा वेळ लागतो, कधी जास्तही. पाणी निवळलं की हळूच काढून टाका, आणि साका कापडावर पसरून सावलीत वाळवा. याची जी पूड होते तीच तुमचा रंग.

आता बंध. कागदावर काम असेल तर मी डिंकच सुचवेन. वजनाने एक भाग स्वच्छ डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजत ठेवून दुसऱ्या दिवशी कापडातून गाळून घ्यायचा. डिंक एकटा वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून त्यात थोडा मध घालायचा, डिंकाच्या पाव भागाहून कमीच, आणि बुरशी लागू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब. काचेच्या फरशीवर रंगाची पूड आणि हे डिंकपाणी साधारण समान घेऊन सुरुवात करा आणि सपाट बुडाच्या जड काचेने घोटा. घोटताना आवाज ऐका. सुरुवातीला करकर येते, मग ती मंदावते आणि लेप काचेवर रेशमासारखा सरकायला लागतो. तिथे थांबा, आणि एक फटकारा कागदावर मारून वाळल्यावर बोट फिरवून बघा. प्रमाण मातीगणिक बदलतं. चिकणमाती जास्त डिंक पिते, खडूसारखी भुरभुरीत माती कमी. त्यामुळे कुणी एकच ठरलेलं प्रमाण सांगितलं तर ते फक्त त्याच्या मातीपुरतं खरं असतं.

लाकडी फळीवर काम करत असाल तर अंड्याचा बलक हा उत्तम बंध आहे. फळीवर आधी खडू आणि सरसाचा अस्तर-थर हवा. कापडाच्या ताणलेल्या कॅनव्हासवर मात्र बलक वापरू नका. तो कडक होतो, कॅनव्हास हलतो, आणि रंगाला तडे जातात. अॅक्रिलिक माध्यम सोपं आहे, माती घट्ट धरतं, भिंतीवरच्या कामाला योग्यही आहे. पण त्याने मातीची ती कोरडी, उजेड शोषून घेणारी कांती जाते आणि वर एक प्लास्टिकची झाक येते. मला ती नको असते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच झाकलं जातं.

वॉर्निशचंही तेच. मातीचा रंग कोरडा असताना फिका आणि ओला झाला की गडद दिसतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वॉर्निश त्या मातीला कायमची ओली दिसायला लावतं, आणि तुम्ही जपून साधलेले फिक्या-गडदाचे संबंध एका हातात कोलमडतात. शिवाय पाण्यात मिसळणारं वॉर्निश ब्रशने लावलं तर खालचा डिंक विरघळून रंग ओढला जातो. कागदावरचं काम काचेमागे ठेवा, काच चित्राला टेकणार नाही एवढी जाड माउंटची पट्टी मध्ये घाला. झालं.

पानाफुलांच्या रंगांबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. लाल-जांभळ्या बहुतेक फुलांचा रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा असतो. आम्लात तो लालसर, अल्कलीत निळा-हिरवट होतो, म्हणजे नुसता कागद बदलला तरी छटा बदलू शकते. आणि उजेडात तो टिकत नाही. पानातलं हरितद्रव्य तपकिरी पडतं. हळदीचा पिवळा तर फार लवकर उडतो. तुरटी आणि धुण्याचा सोडा वापरून रसातला रंग गाळाच्या रूपाने खाली बसवता येतो, त्याची पूड रंगवायला सोयीची होते, पण मूळ द्रव्यच नाजूक असेल तर त्याचं आयुष्य थोडंसंच वाढतं. वनस्पतींपैकी मंजिष्ठाच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा हे तुलनेने पुष्कळ टिकाऊ आहेत. माजूफळ किंवा टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या साली आणि लोहाचा क्षार यांची काळी शाईही गडद राहते, पण ती आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षांत कागद खाते. ज्या कागदावर खूप वेळ घालवणार असाल तिथे ती नको.

माझ्या शब्दावर विसंबू नका, पट्टी करून बघा. जाड कागदावर प्रत्येक रंगाचा एक फटकारा मारा, निम्मा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत लावा. दोन आठवड्यांनी झाकण उचलून बघा, मग दोन महिन्यांनी. संग्रहालयंही हाच विचार थोड्या शिस्तीने करतात. निळ्या लोकरीच्या आठ प्रमाणपट्ट्या असतात, पहिली सगळ्यात लवकर उडणारी आणि आठवी सगळ्यात टिकाऊ, आणि नमुना त्यांच्या शेजारी ठेवून तुलना करतात. कागदावरच्या नाजूक रंगांसाठी ते उजेडही साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, म्हणजे घरातल्या खिडकीपाशी असतो त्याच्या कितीतरी कमी. तुमच्या फुलांच्या चित्राला दिवाणखान्याच्या भिंतीवर काय सोसावं लागत होतं, याची यावरून कल्पना येईल.

मातीचं तसं नाही. तिचा लाल, पिवळा, तपकिरी रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. लोह आधीच गंजलेलं असतं, उजेड त्याचं आणखी काही बिघडवू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचं रंग बनवायचं साहित्य सापडलं, त्याचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. मोठ्या शिंपल्यांत काव, कोळसा आणि कुटलेलं हाड यांचं मिश्रण होतं, आणि ती काव अजूनही लाल आहे. म्हणून माझा सल्ला असा: जे टिकायला हवं ते माती, खडू आणि कोळशाने काढा. पानाफुलांचा रंग तिथेच वापरा जिथे त्याचं विरणं तुम्हाला चालणार आहे.

यावर लगेच येणारी हरकत मला माहीत आहे. मग हिरवं आणि निळं कुठून आणायचं? इथूनच तिसऱ्या, खऱ्या प्रश्नाकडे जाता येतं.

निळं आणावं लागत नाही, ते तयार करता येतं. काड्यांचा कोळसा बारीक वाटून खडूच्या पांढऱ्यात थोडाच मिसळा. हा राखाडी मुळातच किंचित थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा असतो. त्याचा एक पट्टा कोऱ्या कागदावर ओढा, आणि तसाच दुसरा पट्टा लालसर मातीच्या सपाट भागाला लागून ओढा. दुसरा निळसर दिसेल. मिशेल शेव्हरोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये शेजारच्या रंगांच्या या परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला. रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. या राखाडीने लांबची डोंगररांग मागे सरकते, आकाशात हवा येते. ट्यूबमधला एक थेंब कडक निळा त्याच चित्रात टाकला तर ही सगळी निळाई क्षणात मरते आणि राखाडी नुसता राखाडी उरतो. पॅलेट तोकडं ठेवण्यामागे माझं कारण हे आहे. त्यात पावित्र्याचा भाग काही नाही. हिरव्याचंही जवळपास असंच: पिवळ्या मातीत कोळसा मिसळला की एक मळकट ऑलिव्ह हिरवा मिळतो, आणि उन्हाने सुकलेल्या गवताला तो ताज्या हिरव्यापेक्षा जास्त खरा असतो. लालही वाढवता येतो. पिवळी माती लोखंडी तव्यावर, बाहेर मोकळ्या हवेत, तापवत ठेवली की साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यातल्या लोहखनिजातलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते. वेगवेगळ्या वेळी चमचाभर काढून घेतली तर एकाच मातीपासून पिवळ्या ते विटकरी अशा चार-पाच छटा हाती लागतात.

पण छटा जमल्या म्हणून चित्र त्या जागेचं होत नाही. त्यासाठी ती माती तिथे तशी का आहे, हे कळावं लागतं. टेकडीचा उतार घ्या. माथ्यावर थर पातळ, खडे जास्त, रंग तांबूस किंवा फिका. खाली येत जाल तसे कण बारीक, थर जाड आणि रंग गडद, कारण पाऊस बारीक माती आणि कुजलेला पालापाचोळा खाली वाहून नेतो. उतारावर माथा, मध्य आणि पायथा अशा तीन ठिकाणांची मूठमूठ माती घ्या आणि वेगळी ठेवा. आता चित्राची वरची बाजू माथ्याच्या मातीने करा, आणि ती पूर्ण गाळू नका. ती मघाची वाळू इथे मिसळा म्हणजे पृष्ठभाग खरखरीत राहील. खालची बाजू पायथ्याच्या गाळलेल्या, घोटलेल्या मातीने करा. मधल्या भागासाठी कागद ओला करून तिरका धरा आणि पातळ रंग वरून सोडा. जड कण कागदाच्या दाण्यात वर अडकतील, हलके वाहत खाली जमतील. टेकडीवर पाऊस जे करतो तेच तुमच्या कागदावर घडेल. झाड, घर, पायवाट काही काढलं नाही तरी त्या उताराचं वजन कुठून कुठे गेलंय ते डोळ्यांना कळतं. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही कदाचित, पण खरखरीतकडून मऊकडे जाणारी नजर उतार उतरते.

मी म्हणतो ते हेच. साहित्याचा स्वभाव आणि जागेचा स्वभाव जिथे एक होतात, तिथे चित्राची रचना करा. ओढ्याकाठचं चित्र करायचं तर पूर ओसरल्यावर काठाला गाळाच्या रेषा राहतात त्या बघा, आणि रंगाच्या डबक्याला कागदावर स्वतःच वाळू द्या. त्याच्या कडेला तशीच गडद रेघ उमटते. जळालेल्या गवताचा माळ असेल तर त्याच काटक्यांचा कोळसा करा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काटक्या दाबून भरा, झाकणाला एक लहान भोक ठेवा, डबा विस्तवात ठेवा आणि भोकातून येणारा धूर थांबला की बाहेर काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागली की आतला कोळसा पेट घेऊ शकतो. जाड काटकीच्या कोळशाची रेघ जाड, बारीक काटकीची बारीक, त्यामुळे रेषांची जाडी झाडच ठरवतं.

याच कारणाने कॅनव्हासवर शिंपले, काटक्या, वाळकी पानं चिकटवण्याचा मार्ग मला सगळ्यात कच्चा वाटतो. वस्तू तिथे असते, पण तिच्याकडून काही काम करून घेतलेलं नसतं. करायचंच असेल तर वाळकं साहित्य हवाबंद पिशवीत घालून आठवडा-दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडी आणि त्यांची अंडी मरतील.

एक निर्णय मात्र काम सुरू करण्याआधी घ्यायला हवा, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे: हे टिकायला हवंय का? विकायचं किंवा भेट द्यायचं असेल तर हो, आणि मग वरची सगळी शिस्त लागू. पण दरवेळी तसं नसतं. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग या इंग्लिश कलाकाराने एका गवताळ जागेवर पुन्हा पुन्हा ये-जा करून दबलेल्या गवताची सरळ रेघ पाडली आणि तिचा फोटो काढला. रेघ गेली, फोटो राहिला, आणि कलाकृती म्हणून तोच ओळखला जातो. रॉबर्ट स्मिथसनने १९७० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळे दगड आणि माती टाकून सुमारे ४६० मीटर लांबीची सर्पिल वाट बांधली. पाणी वाढल्यावर ती कित्येक वर्षं बुडाली, आणि वर आली तेव्हा दगडांवर मिठाचे पांढरे थर चढले होते. तुमच्या फुलांच्या रंगांना अशा कामात जागा आहे. विरणारा रंग ठरलेल्या अंतराने, एकाच उजेडात, एकाच जागेवरून टिपत गेलात तर ते विरणंच काम होतं. फक्त हे आधी ठरवा. रंग उडाल्यावर सुचलेलं स्पष्टीकरण बघणाऱ्याला लगेच कळतं.

गोळा करण्याबद्दल थोडं. माती कापलेल्या कडेवरून, ढासळलेल्या काठावरून, उकरून पडलेल्या ढिगातून घ्या, उभ्या गवताखालून नको. मूठभर मातीत आठ-दहा लहान चित्रं होतात, पोती भरायची गरज नाही. अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं, कुणाची खासगी जमीन इथून परवानगीशिवाय काही उचलू नका. दगडावरचं दगडफूल कितीही सुंदर दिसलं तरी खरवडू नका. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, अनेकदा त्याहून कमी वाढतं.

आणि सुरक्षिततेबद्दल कृपया हलगर्जी करू नका. कोरडी माती आणि दगड वाटताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचते आणि निघत नाही. शक्य तितकं ओलं वाटा, कोरडं करावंच लागलं तर एन-९५ मास्क लावून, मुलांपासून लांब. भडक रंगाचे अनोळखी दगड वाटू नका. हिंगुळात पारा असतो, हरताळ आणि मनशीळ यांत आर्सेनिक. जुने कारखाने, खाणींचे ढिगारे, गर्दीचे रस्ते यांच्या कडेची माती टाळा, तिथे शिसं असू शकतं. रंगाची भांडी आणि तवा स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

तुमच्यासाठी पहिलं काम मी असं सांगेन. नवीन चित्र सध्या थांबवा. एकाच उतारावरच्या तीन मात्या गाळा, प्रत्येकीच्या डिंकाच्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन प्रमाणांच्या पट्ट्या करा, मागे ठिकाण आणि प्रमाण पेन्सिलने लिहा. वाळल्यावर बोट फिरवा, कागद थोडा वाकवून बघा. कोणत्या मातीला काय झालं, पूड लागली की पापुद्रे सुटले की भेगा पडल्या, आणि कागद कोणता होता, एवढं कळवलंत तर नेमकं प्रमाण काढायला मी मदत करू शकेन.